जेवण सोडलेला मासा गळाला का लागतो?

वडशाच्या खालच्या अंगाला, आमच्या गावापाशी, वैनगंगा उन्हाळ्यात डोहाडोहांपुरती उरते. भाचा सुट्टीला आला की संध्याकाळी आमचं ठाण तिथेच. यंदा त्याने गळ टाकायच्या आधी मोबाईल पुढे केला. अलास्कातला कुणी एक बाप्या नदीकाठच्या गोट्यांवर उभा. दोरीला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. नुसता गुलाबी पिसं बांधलेला शिशाचा मणी. त्याने काठीला दोनचार हिसके दिले आणि हातभर लांब सॅल्मन उसळी मारून वर आला.

“मामा, येवढा उपाशी हाये का थो मासा?”

गंमत अशी की त्या माशाने जेवणच सोडलेलं असतं. सॅल्मन समुद्रात खाऊन-पिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरला की त्याची भूक मरते, जठर आक्रसतं. युकॉन नदीतले काही चिनूक सॅल्मन सुमारे ३,००० किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढतात, ते सगळं अंगच्या चरबीवर. प्रशांत महासागराकडचे चिनूक, कोहो, सॉकाय हे अंडी घातल्यावर मरतात. (हॉटेलच्या कार्डावर ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. त्याचं या घराण्याशी नातं नाही.)

मग पिसांच्या गोंड्यावर तो तोंड का टाकतो? एकच एक उत्तर नाही. समुद्रात झिंगे आणि लहान मासे धरूनच तो वाढलेला असतो. पोट बंद झालं तरी ती सवय सुटत नसावी. दुसरं कारण रागाचं. या दिवसांत नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो, दात वाढतात, कारण जागेसाठी आणि मादीसाठी भांडायचं असतं. आणि माशाला हात नाहीत. राग असो की कुतूहल, पुढ्यातली वस्तू तपासायची किंवा हाकलायची तर तोंडानेच.

जिग या गळाची सगळी करामत नेमकी या खोडीवर आहे. गळाच्या मानेवर शिसं ओतलेलं असतं आणि मागे मऊ पिसांची शेपटी. काठी उचलली की जिग वर झेपावते, दोरी सैल सोडली की डोक्यावर पडते आणि पिसं थरथरतात. बहुतेक मासे ती पडतानाच झडप घालतात. तेव्हा दोरी सैल असल्याने हाताला काही कळत नाही, म्हणून मुरलेला माणूस दोरीवरची नजर हटवत नाही.

ती थरथर मासा नुसती बघत नाही, अंगावर झेलतो. बाजारातून आणलेला रोहू खवले काढण्याआधी आडवा धरून बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसेल. नीट पाहिलं तर त्या रांगेतल्या एकेका खवल्याला छिद्र असतं. आतल्या नळीत आपल्या कानात असतात तशाच केसल पेशी, वर जेलीसारखी टोपी. पाणी जरा हललं की टोपी कलते, केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. ही पार्श्वरेषा. तिचा पल्ला थोडा, माशाच्या एकदोन लांबींएवढा. पण गढूळ पाण्यात आणि अंधारातही ती चालते.

नाकाचं प्रकरण वेगळं. आमच्या गावचे एक ढिवर आजोबा आम्हा पोरांना दटावत, “आंधी हाताले चिखल लाव, मंग गांडूळ लाव.” आम्हाला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटे. पण १९५०च्या दशकात कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी सॅल्मन चढतात त्या वाटेवर, वरच्या अंगाला, माणसाने हात बुडवलेलं पाणी सोडून पाहिलं. चढणारे मासे काही वेळ अडले. अस्वलाच्या पंजाच्या पाण्यानेही तेच झालं. त्यामागे कातडीतून पाण्यात उतरणारं सेरीन हे अमिनो आम्ल निघालं. आपल्या डोहातल्या माशांना ते तितकंच खुपतं असं मी म्हणणार नाही. चिखल मात्र मी आजही लावतो.

आणि काठावर ताठ उभं राहू नये. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे मीटरभर खोल असलेल्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सव्वादोन मीटर रुंदीच्या गोल खिडकीतून दिसतं. काठावरचं सारं त्या खिडकीच्या कडेला चेपलेलं असतं. उकिडवं बसलेला माणूस त्या कडेत दबून जातो. गप्पांची भीती नको, हवेतला आवाज पाण्यात जेमतेम उतरतो. पाय आपटला की मात्र जमिनीतून हादरा थेट जातो.

शिशाबद्दल माझीच एक चूक सांगतो. दोरीवर शिशाची गोळी दाताने चेपायची मला लहानपणापासून सवय होती, भाच्यालाही मीच लावली. ब्रिटनमध्ये अशा गोळ्या गिळून राजहंस मरू लागले, म्हणून १९८७ साली या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली. आता आम्ही पकडीने चेपतो. शिसं अजून सुटलेलं नाही.

पावसाळ्यात भाचा पुन्हा आला, तो कोंबडीच्या पिसांची जिग घरीच बांधून. मामा तलावाच्या (म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या) काठी, पाणवनस्पतींच्या मध्ये, पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. मरळीची केशरी-लाल पिल्लं, शेकड्यांनी, वर येऊन हवा घेत होती. मरळ हवेतूनही श्वास घेते आणि पिल्लांची राखण करते. जिग त्या घोळक्याशेजारी पडली आणि खालून दणका बसला. मरळ वर काढली तेव्हा गळ तिच्या ओठाच्या कडेला बाहेरून अडकला होता.

“थे खाले नोयती आली, मामा,” भाचा म्हणाला. गळ सोडवताना पिल्लांचा लाल गोळा पसरत पसरत कमळाच्या पानांखाली गेला होता. मरळ पाण्यात सोडली. क्षणभर ती काठाशीच थांबली, मग शेपटीच्या एका फटक्यात त्याच पानांकडे गेली.