खुलासा: देशाच्या खात्यात ‘कचरा’ म्हणजे फक्त डंपिंग ग्राउंड नव्हे

देशातून किती हरितगृह वायू (पृथ्वी तापवणारे वायू) सुटतात याच्या हिशेबात ‘कचरा’ म्हणजे मुंबईतल्या देवनारसारखे कचऱ्याचे डोंगर, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. आग लागली की टीव्हीवर धूर दिसतो, मग हा समज आणखी पक्का होतो. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेले अहवाल वेगळंच सांगतात. 2020च्या एकूण उत्सर्जनात कचरा क्षेत्राचा वाटा जेमतेम अडीच टक्के, आणि त्यातला मोठा भाग सांडपाण्याचा! सेप्टिक टँकमध्ये, तुंबलेल्या नाल्यात, कारखान्यांच्या सांडपाण्यात घाण प्राणवायूविना कुजते आणि मिथेन हा हरितगृह वायू सुटतो. दिसत नाही, इतकंच.

डंपिंगवर मीटर लावून देशाचा आकडा काढतात, हेही खरं नाही. कोणत्या वर्षी किती कचरा पडला, त्यात ओला किती, ढीग किती खोल, यावरून गणित मांडतात. देवनारला 1927पासून कचरा पडतोय. जुना ढीग कित्येक वर्षं मिथेन सोडत राहतो, त्यामुळे आज गेट बंद केलं तरी उद्या आकडा शून्यावर येत नाही.

गंमत म्हणजे केळीच्या सालीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड या खात्यात धरतच नाहीत. झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो. जाळलेल्या प्लॅस्टिकचा मात्र धरतात, कारण तो खनिज तेलातला.