रिबिल्डमधले ट्रेड अ‍ॅसेट (एनएचएल आइस हॉकी)

अमेरिका-कॅनडातल्या ३२ टीमच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमधे एखाद्या टीमला कळून चुकतं की आत्ताच्या खेळाडूंवर स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) काही मिळत नाही, तेव्हा ती वय झालेले, महागडे खेळाडू देऊन टाकते आणि बदल्यात तरुण पोरं आणि पुढच्या ड्राफ्टमधले (दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते त्यातले) पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, घेते, याला रिबिल्ड म्हणतात. या देवाणघेवाणीत ज्याला समोरची टीम किंमत देईल ते सगळं ट्रेड अ‍ॅसेट. आयपीएलमधेही ट्रेड होतात, पण तिथे पुढच्या वर्षीच्या लिलावातली जागा कोणी विकू शकत नाही. इथे मात्र अजून दोन वर्षांनी येणारा पहिल्या राउंडचा पिकही आजच देऊन मोकळं होता येतं.

खेळाडू, प्रॉस्पेक्ट (अजून तयार होत असलेली तरुण पोरं) आणि ड्राफ्टच्या सात राउंडचे पिक हे अ‍ॅसेट सगळ्यांना दिसतात. चौथा म्हणजे कॅपमधली मोकळी जागा, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. २००५-०६ पासून लीगमधे सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, त्यामुळे कप जिंकायला निघालेल्या टीमकडे पैसा असला तरी जागा नसते. मग विकणारी टीम त्या खेळाडूचा जास्तीत जास्त ५० टक्के पगार स्वतःच्या कॅपवर ठेवते आणि त्याबद्दल वरच्या राउंडचा पिक मागते. एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात, म्हणून ती जागाही जपूनच वापरावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. साधारण २७ व्या वर्षी किंवा सात हंगामांनंतर करार संपला की खेळाडू कुठेही जायला मोकळा असतो, त्यामुळे करार संपत आलेल्या खेळाडूला ट्रेड डेडलाइनच्या (हंगामातल्या ट्रेडच्या शेवटच्या तारखेच्या) आत विकलं नाही तर उन्हाळ्यात तो फुकट निघून जाऊ शकतो. काही करारांमधे तर ट्रेडला नकार द्यायचा हक्क खेळाडूकडे असतो, मग जीएमच्या (टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजरच्या) हातात फारसं काही उरत नाही.

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण न्यूयॉर्क रेंजर्स. २०१४ ला फायनल खेळलेली ही टीम, पण ८ फेब्रुवारी २०१८ ला टीमचे प्रेसिडेंट ग्लेन सॅदर आणि जीएम जेफ गॉर्टन यांनी चाहत्यांना उघड पत्र लिहून सांगितलं की ओळखीचे चेहरे जाणार आहेत. त्याच महिन्यात रिक नॅश बॉस्टनला गेला, निम्मा पगार रेंजर्सनी ठेवून घेतला, आणि बदल्यात पहिल्या राउंडचा पिक, रायन लिंडग्रेन आणि आणखी काही मिळालं. मायकेल ग्रॅबनरच्या बदल्यात न्यू जर्सीकडून दुसऱ्या राउंडचा पिक आणि एक प्रॉस्पेक्ट. जूनमधे रेंजर्सनी बॉस्टनचा २६ वा आणि न्यू जर्सीचा ४८ वा असे दोन्ही पिक ओटावाला देऊन २२ वा घेतला आणि केआंद्रे मिलरला निवडलं. म्हणजे करार संपत आलेल्या दोन फॉरवर्डमधून पहिल्या चारात खेळणारे दोन डिफेन्समन उभे राहिले, आणि नॅश तर बॉस्टनसाठी रेग्युलर सीझनच्या ११ मॅच खेळून दुखापतीमुळे रिटायर झाला.

उलट कॅप्टन रायन मॅकडोना आणि जे. टी. मिलर टॅम्पा बेला दिले ते कागदावर कितीतरी मोठं डील होतं. त्यातले ब्रेट हाउडेन आणि लिबोर हायेक रेंजर्समधे काही फार चालले नाहीत, मॅकडोनाने मात्र टॅम्पासोबत २०२० आणि २०२१ चे कप उचलले. माझ्या मते मोठा माणूस विकला म्हणून मोठा माल मिळतोच असं नाही, समोरच्या टीमचा नेमका कुठला पोरगा मागायचा हे ओळखणारे स्काउट लागतात.

काही पिक अटीवर असतात. फेब्रुवारी २०१९ मधे चाहत्यांचा लाडका मॅट्स झुकारेल्लो डॅलसला गेला तेव्हा अट अशी होती की डॅलसने प्लेऑफचे दोन राउंड जिंकले, आणि तो त्यातल्या निम्म्या मॅच तरी खेळला, तर दुसऱ्या राउंडच्या पिकचा पहिल्या राउंडचा होणार. सेंट लुईसविरुद्ध सातवी मॅच, दुसरा ओव्हरटाइम, सेंट लुईसच्या पॅट मरूनने गोल मारला, डॅलस बाहेर, आणि न्यूयॉर्कचा पिक दुसऱ्याच राउंडचा राहिला.

पिक साठवत बसायचे नसतात, ते वटवायचे असतात, आणि हे गॉर्टनना चांगलं जमलं. फॉरवर्ड केविन हेजच्या बदल्यात विनिपेगकडून आलेला पहिल्या राउंडचा पिक जून २०१९ मधे डिफेन्समन नील पायॉन्कसोबत परत विनिपेगलाच देऊन डिफेन्समन जेकब ट्रूबा आणला. त्याआधी एप्रिलमधे कॅरोलायनाला दोन पिक देऊन अ‍ॅडम फॉक्स घेतला, जो २०२१ ला लीगचा बेस्ट डिफेन्समन ठरून नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला. जुलै २०१९ मधे मोकळ्या झालेल्या कॅपवर स्टार फॉरवर्ड आर्तेमी पानारिन आला. काप्पो काक्को (२०१९, दुसरा पिक) आणि अलेक्सिस लाफ्रेनिएर (२०२०, पहिला पिक) हे मात्र ड्राफ्ट लॉटरीचं, म्हणजे वरच्या पिकसाठीच्या सोडतीचं नशीब, ट्रेडचा त्यात काही संबंध नाही. मे २०२१ मधे मालकांचा धीर संपला आणि गॉर्टनना काढलं, टीम कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे लीगच्या सेमीफायनलला) पोचली ती पुढच्याच वर्षी आणि मग २०२४ ला, त्यांच्या जागी आलेले जीएम ख्रिस ड्रुरींच्या हाताखाली.