सी डे आणि उतरायचा दिवस: क्रूझचा शेवटचा दिवस नेमका कोणता?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका एजंटकडे आम्ही क्रूझ बुक केली, तेव्हा त्याने दिलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं, 4 रात्री 5 दिवस. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून तिथेच हिशेब मांडला. सोमवारी सिंगापूरला जहाजात चढायचं, मंगळवारी पेनांग, बुधवारी फुकेत, गुरुवारी दिवसभर नुसता समुद्र, शुक्रवारी परत सिंगापूर. "म्हणजे गुरुवारी पोरांना काय हुंदडायचं ते हुंदडू दे, आपण शुक्रवारी निवांत पडू," असं त्यांनी ठरवून टाकलं. एजंटनेही "हो हो, लास्ट डे रिलॅक्स" म्हणत मान डोलावली. शुक्रवारी सकाळी साडेआठला आम्ही सहाही जण बंदराच्या हॉलमध्ये उभे होतो. दादांचा चहासुद्धा धड झाला नव्हता आणि माझ्या धाकट्याच्या पायात बुटांऐवजी केबिनमधल्या कापडी सपाता होत्या.

सपातांचं पुढे सांगते. आधी घोळ कुठे होतो ते.

क्रूझवर 'शेवटचा दिवस' म्हणताना एकजण सी डेबद्दल बोलत असतो आणि दुसरा उतरायच्या दिवसाबद्दल. सी डे म्हणजे जहाज कुठल्याही बंदराला न लागता दिवसभर चालत राहतं तो दिवस. बऱ्याच सहलींत तो परतीच्या वाटेवर, शेवटून दुसरा येतो. उतरायचा दिवस त्याच्यानंतरचा. त्या दिवशी जहाज बहुतेक वेळा पहाटेच धक्क्याला लागलेलं असतं, तुम्ही डोळे चोळत बाहेर बघता तर समुद्र नाही, क्रेन दिसते. कंपनीच्या कागदावर दोघांनाही एकेक दिवस म्हणून मोजलेलं असतं. त्यामुळे वाचणाऱ्याला ते सारखेच वाटतात.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला मंगल कार्यालय पुरेसं आहे. लग्नाचा दिवस वेगळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय रिकामं करायची वेळ वेगळी. लग्नसराईत तर तुमची भांडी बाहेर निघतायत तोवर पुढच्या पार्टीचा मांडववाला गेटवर टेम्पो लावून उभा असतो. जहाजाचंही अगदी तेच. सकाळी आपण उतरतो, दुपारपासून नवे प्रवासी चढायला लागतात आणि संध्याकाळी तेच जहाज पुन्हा निघतं. मधल्या काही तासांत शेकडो, मोठ्या जहाजावर हजारांवर केबिन झाडून, चादरी बदलून तयार करायच्या असतात. म्हणून साधारण आठ-साडेआठपर्यंत केबिन सोडा म्हणतात. त्यात कुणाचा उद्धटपणा नसतो. आमच्या केबिनचा पोरगा तर गुरुवारी रात्रीच हात जोडून सांगून गेला होता. आम्हीच ते मनावर घेतलं नाही.

तेव्हा पहिला हिशेब लक्षात ठेवा: जितक्या रात्री, त्यातून एक वजा, तितके तुमचे पूर्ण दिवस. 4 रात्रींत तीन. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या 2 रात्री 3 दिवसांच्या सहलीत पूर्ण दिवस एकच, कारण पहिला चढण्यात जातो आणि तिसरा उतरण्यात. नाशिकहून निघून बॅलार्ड पिअरला पोचायचं आणि परत यायचं, तर एवढ्यासाठी जायचं की नाही हे आधी ठरवता येतं.

आता सी डे. दादांनी जो पोरांना देऊन टाकला होता, तोच खरा निवांत दिवस, आणि मला विचाराल तर सबंध सहलीतला सगळ्यात चांगला.

फुकेतहून सिंगापूरकडे येताना जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून खाली येतं. एका अंगाला मलेशिया, दुसऱ्या अंगाला सुमात्रा, आणि मधून जगातल्या सगळ्यात वर्दळीच्या सागरी वाटांपैकी एक. दोन्हीकडे जमीन असल्यामुळे तिथे भर समुद्रासारख्या लाटा सहसा नसतात. उलटीच्या गोळ्या घेऊन बसलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी पहिल्यांदा डेकवर आल्या. थोरल्याने वहीत तीन रकाने पाडले होते: कंटेनरवालं, टँकर, बाकीचं. जहाज दिसलं की रेघ मारायची. जेवणापर्यंत एक्केचाळीस रेघा झाल्या. आईंनी बराच वेळ बघून निकाल दिला, "हे आपल्या नाशिकचं द्वारका सर्कलच आहे की. फक्त हॉर्न नाही." दादांना वेगाची उत्सुकता. टीव्हीवर 18 नॉट दाखवत होते. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, म्हणजे हे झाले तेहेतीसच्या आसपास. "कसारा घाटात ट्रकमागे अडकलेली एसटी," दादा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. त्या वेगानेच त्या दिवसाची मजा येते. कुठे पोचायचं नसतं, बसची वेळ नसते, गाइड छत्री वर धरून पुढे पळत नसतो.

पण सी डे म्हणजे रिकामं जहाज, असं समजू नका. उलट बंदराच्या दिवशी अर्धेअधिक लोक खाली उतरलेले असतात, सी डेला सगळेच्या सगळे वर. सकाळी नऊपर्यंत पोहण्याच्या तलावाजवळच्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले असतात आणि टॉवेलांचे मालक नाश्त्याला गेलेले असतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा माणूस कुठल्याही देशात जन्माला येतो, हे मला त्या दिवशी कळलं. शांतता हवी तर सकाळी सातच्या आत जा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, जेव्हा बाकीचे केबिनमध्ये बॅगांवर बसून चेन लावत असतात.

दुकानांचंही गणित इथेच उलगडतं. जहाज बंदरात असताना आतली करमुक्त दुकानं आणि कॅसिनो बंद असतात, समुद्रात गेल्यावर उघडतात. त्यामुळे 'उद्या सकाळी उतरता उतरता चॉकलेटं घेऊ' हा बेत जमत नाही. सकाळी शटर खाली असतं. घ्यायचं ते सी डेलाच. फोटोंचंही तसंच, त्यांचा काउंटर शेवटच्या रात्रीनंतर कुणासाठी थांबत नाही.

खास कुटुंबांसाठी काढलेल्या जहाजांवर हा फरक जास्त जाणवतो, कारण तिथे निरोपाचाही कार्यक्रम असतो. डिस्नेच्या जहाजांवर शेवटच्या रात्री मधल्या मोठ्या दालनात मिकी आणि मंडळी मुलांना टाटा करायला येतात. तिथे जेवणाची पद्धतही मजेची: रोज रात्री हॉटेल बदलतं, पण वाढणारी माणसं तीच, ती तुमच्याबरोबर फिरतात. उतरायच्या सकाळी नाश्ता आदल्या रात्रीच्याच हॉटेलात, त्याच माणसांच्या हातचा. त्यालाही वेळ ठरवून दिलेली असते, उशिरा उठून कधीही जाऊ असं नाही. याच कंपनीचं 'डिस्ने ॲडव्हेंचर' हे जहाज सिंगापूरहून 3 आणि 4 रात्रींच्या सहलींसाठी काढलेलं, आणि त्या सहलींत मधे कुठलंही बंदर नाही, सगळे सी डेच. तिथे कुणी 'सी डे कोणता' विचारलं तर काय सांगणार? तिथे विचारायचा प्रश्न एकच: उतरायची वेळ किती.

दोन दिवसांची सीमा रात्री बाराला लागते असं वाटतं, पण तसं नाही. ती सी डेच्या दुपारीच लागते. केबिनमध्ये रंगीत, आकडा घातलेले टॅग येऊन पडतात. मोठ्या बॅगांना ते बांधायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून जहाजाची माणसं त्या उचलतात आणि सकाळी बंदराच्या हॉलमध्ये त्या त्या रंगाच्या ओळीत लावून ठेवतात. सोय उत्तम आहे, फक्त बॅग एकदा गेली की सकाळपर्यंत परत मिळत नाही. आमच्याकडे पावणेअकराला घाई झाली. मी कपडे कोंबत होते, नवरा चेन लावत होता, आणि धाकट्याचे बूट, दोन्ही जोड, 'जागा आहे तर' म्हणून मोठ्या बॅगेत गेले. सकाळी लक्षात आलं. म्हणून त्या सपाता. पासपोर्ट, औषधं, चष्मा, दात घासायचं सामान आणि अंतर्वस्त्रांपासून चपलांपर्यंत उद्या अंगावर घालायचं सगळं आधी पलंगावर मांडून ठेवा आणि मगच बॅगेची चेन लावा.

हॉलमध्ये बॅग शोधणं हाही एक प्रकार आहे. आमच्या रंगाच्या ओळीत शंभरेक बॅगा, त्यातल्या नव्वद काळ्या. आईंनी नाशिकहून निघतानाच सगळ्या मुठींना जुन्या येवल्याच्या साडीचा जांभळा काठ गुंडाळला होता आणि मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. पाच मिनिटांत आमच्या सगळ्या बॅगा सापडल्या. शेजारचं कुटुंब अजून टॅग उलटेपालटे करून वाचत होतं.

बॅगा बाहेर ठेवायच्या नसतील तर दुसरा मार्ग आहे: स्वतः ओढत न्यायच्या. तसं करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या आधी उतरू देतात. सडाफटिंग माणसाला बरं आहे. आजी-आजोबा, दोन मुलं आणि पाच बॅगा असताना लिफ्टसमोरच्या गर्दीत उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी.

बिलाचंही सी डेलाच बघा. जहाजावर रोख चालत नाही, कार्ड टेकवलं की रक्कम खात्यावर चढते. बहुतेक कंपन्या सेवेची टिप माणशी, दररोज या हिशेबाने आपोआप लावतात, आणि बऱ्याच ठिकाणी मुलांचीही. गुरुवारी दुपारी मी टीव्हीवर खातं उघडलं तर व्हिडिओ गेमच्या खोलीत आमच्या थोरल्याने अकरा वेळा कार्ड टेकवलेलं. रिसेप्शनवर तेव्हा दोनच माणसं होती, बाईंनी एकेक नोंद दाखवली, चूक आमचीच होती, पण निदान शांतपणे कळली. शुक्रवारी सकाळी तीच रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि रांगेतला प्रत्येकजण घड्याळ बघत होता. फॉरेक्स कार्ड दिलं असेल तर आणखी एक: जहाज काही रक्कम अडवून ठेवतं आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. परतीच्या टॅक्सीचे पैसे त्यातच धरू नका.

काकांसाठी बाटली घेतली असेल तर ती बहुधा शेवटच्या संध्याकाळीच हातात मिळते, तोवर जहाज ती सांभाळतं. सिंगापूरमध्ये दारूवरची करसवलत मिळायला 48 तास देशाबाहेर असावं लागतं, आणि मलेशियाहून येत असाल तर ती मिळतच नाही. भारतात उतरताना 2 लिटरची मर्यादा. सिगारेटवर सिंगापूर एका पाकिटाचीही सवलत देत नाही.

उतरायच्या दिवसाबद्दल आता फारसं सांगण्यासारखं उरत नाही, कारण त्या दिवसात फारसं काही नसतंच. नाश्ता, टॅगच्या रंगाची हाक, पासपोर्टचा काउंटर, बॅगा, टॅक्सी. मुलांचे क्लब त्या सकाळी बंद, तलावाचा तर विचारही नको. विमान मात्र दुपारनंतरचं घ्या. जहाज वेळेवर लागलं तरी मोठ्या जहाजातून सगळे उतरायला वेळ लागतो, आणि दहाच्या विमानापायी हा सगळा वेळ पोटात गोळा घेऊन काढण्यात अर्थ नाही. आमचं संध्याकाळचं होतं. मुंबई अडीच तास मागे, म्हणून त्याच रात्री उतरलो आणि भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गाला लागलो. जून 2025 मध्ये इगतपुरीपर्यंतचा तो शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून रात्री कसारा घाट चढावा लागत नाही, म्हातारी माणसं बरोबर असताना हे सुख फार मोठं आहे.

आणि घरी आल्यावर जमीन हलते, त्याला घाबरू नका. चार दिवस जहाजाच्या डोलण्याशी जुळवून घेतलेला मेंदू जमिनीवरही काही काळ तसाच डोलत राहतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. बरेच दिवस टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं. आईंना शनिवारी सकाळी पूजेला बसल्यावर देव्हारा हळूहळू डावीकडे जातोय असं वाटत होतं. त्यांनी भिंतीला पाठ टेकवून पूजा केली. दादा आतल्या खोलीत आडवे होते, दारावर "उठवू नये" असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद लावून, कारण त्यांच्या हिशेबाने शुक्रवारचा निवांतपणा अजून यायचा होता.