सावंतवाडीचा आंबा आणि चन्नपट्टणचा भोवरा

मागच्या दिवाळीत आईने एका हस्तकला प्रदर्शनातून माझ्या भाचीसाठी लाकडी खुळखुळा आणला. लाल, पिवळे, हिरवे पट्टे, दांड्यात दोन सैल कड्या, हाताला अगदी लोण्यासारखा. "सावंतवाडीचा आहे गं, स्टॉलवाल्यानेच सांगितलं," आई म्हणाली. तिचं माहेर तिकडचं, त्यामुळे आवाजात जरा जास्तच अभिमान. मी तो हातात फिरवून पाहिला आणि गप्प बसले. खुळखुळा सुरेख होता, पण सावंतवाडीचा नव्हता. बहुधा चन्नपट्टणचा होता.

यात आईची चूक नाही. रंगीत लाकडी खेळणं दिसलं की मराठी माणूस 'सावंतवाडी' म्हणून मोकळा होतो आणि बेंगळुरूकडचा माणूस 'चन्नपट्टण' म्हणतो. भरीस भर म्हणजे दोन्हीकडचा माल हल्ली एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेला दिसतो, अगदी सावंतवाडीच्या बाजारातसुद्धा. आकारावरून ओळखायला जावं तर फसगत ठरलेली, कारण भोवरा, बाहुली, भातुकलीतली भांडी दोन्हीकडे होतात. बघायचं असतं ते एवढंच, की रंग लाकडावर कसा चढलाय.

चन्नपट्टण बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, बेंगळुरूपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथे रंग लावत नाहीत, घासून चढवतात. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जगणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. ती तापवून मऊ करायची, तिच्यात रंग मळायचा आणि जाड खडूसारखी कांडी वळून ठेवायची. लाकडाचा ठोकळा चरकावर, म्हणजे आता विजेच्या लेथवर, फिरत असतो. पटाशीने आकार काढून झाला की ती कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडाला चिकटून बसते. वाळवायची भानगडच नाही. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं वाळलेलं पान त्याच फिरत्या लाकडावर दाबलं की लाख सारखी पसरते आणि ती ओळखीची चकाकी येते. मशीन थांबलं की खेळणं तयार.

आता जरा विचार करा. लाकूड फिरतंय आणि कांडी एका जागी धरलीय, मग रंग उमटणार कसा? गोल गोलच. म्हणून चन्नपट्टणच्या खेळण्यावर पट्टे असतात, कडी असतात, वलयं असतात, आणि एका रंगाची हद्द दुसऱ्याला सुरीने कापल्यासारखी भिडते. बाहुलीचे डोळे-ओठ काढायला तिथेही ब्रश लागतो, पण तेवढ्यापुरताच.

सावंतवाडीचा आंबा याच्या अगदी उलट. देठाजवळ लालसर झाक, ती पिवळ्यात कुठे मिसळली ते सापडत नाही. केळ्यावर तपकिरी ठिपके, सीताफळाचा एकेक डोळा वेगळा, कलिंगडाच्या फोडीत काळ्या बिया. आजोळी काचेच्या कपाटात अशा फळांची एक परडी होती आणि येणारा प्रत्येक नवा पाहुणा एकदा तरी त्यातला चिकू उचलून फसायचा. ही सगळी करामत ब्रशची. ब्रशला कुठेही जाता येतं, कांडीला फक्त गोल फिरता येतं. केळं तर चरकावर कातताच येत नाही, त्याचा कणाच वाकडा! ते हाताने तासायचं, घासायचं, छिद्रं बुजवून गुळगुळीत करायचं आणि मग रंगवायचं.

हे काम करणारे ते चितारी. चित्रं काढणारे, म्हणून हे नाव. सावंतवाडीच्या ज्या भागात ही दुकानं आहेत तीही चितार आळीच. भोसले संस्थानच्या आश्रयाने वाढलेल्या या मंडळींचं मूळ काम चित्राचं: देव्हारे, पाट आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांच्या डावात १० रंग, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे १२० गोल पानं आणि एकूण एक हाताने रंगवलेलं. पान कडक करायला चिंचोक्याची खळ. छापील पत्त्यांनी हा खेळ जवळपास संपवला होता. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तो पुन्हा उभा केला. आजही राजवाड्यात गेलात तर जमिनीवर मांडी घालून पान रंगवणारे हात बघायला मिळतात. ज्या हाताला अंगठ्याएवढ्या जागेत मत्स्यावतार बसवायची सवय, त्याला आंब्याची लाली काय जड?

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नाव. राजवाड्यातल्या या कामाला 'लॅकरवेअर' म्हणतात. लाख तिथेही आहे, पण ती रंगवलेल्या चित्रावर चकाकीसाठी आणि टिकावासाठी. चन्नपट्टणला लाख हाच रंग. शब्द तोच, काम निराळं.

लाकूडही वेगळं. चन्नपट्टणला पारंपरिक लाकूड म्हणजे कन्नडमधलं आले मर, आपला काळा कुडा. हस्तिदंतासारखं पांढरट, घट्ट, बारीक धाग्याचं, त्यामुळे चरकावर ते सुंदर कातलं जातं. सावंतवाडीच्या फळांसाठी जुनं आवडतं लाकूड पांगारा. हो, तोच काटेरी, ज्याला ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडून लालभडक फुलं येतात. इतकं हलकं, की मोठा लाकडी पपई उचलताना हात अंदाज चुकून वर जातो. आता आंब्याचं आणि मिळेल ते दुसरं लाकूडही वापरतात, त्यामुळे नुसत्या वजनावर पैज लावू नका.

खरी पारख मला लॉकडाऊनमध्ये घडली, तीही वेंधळेपणाने. घरातली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसायचे दिवस होते. फळांच्या परडीतला आंबा पुसला, काही झालं नाही. शेजारचा भोवरा पुसला तर चिकट झाला आणि बोटांना लाल रंग आला. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे शाळेत वाचलेलं तेव्हा आठवलं. आंब्यावर तैलरंग होता, त्याला ढिम्म फरक पडला नाही. दुकानात हा प्रयोग करू नका, नखाने हलकेच खरवडून बघा. ब्रशचा रंग जुना झाला की पापुद्र्यासारखा निघतो, लाख तशी सोलत नाही. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून लाखेचं खेळणं उन्हात किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवू नये.

चन्नपट्टणच्या मुळाशी टिपू सुलतानाने बोलावलेले इराणी कारागीर सांगितले जातात. ही गोष्ट तिथल्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. मला जास्त आवडते ती बावस मियाँची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस जपानी पद्धत शिकला आणि ते तंत्र गावच्या कारागिरांना देऊन मोकळा झाला. जपानी कोकेशी बाहुली आणि चन्नपट्टणची बाहुली शेजारी ठेवून बघा: तोच कातलेला देह, वर वाटोळं डोकं. २००५-०६ मध्ये चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सावंतवाडीच्या लाकडी कामाला आणि गंजिफाला ते मिळायला बरीच वर्षं जावी लागली. याची मला थोडी खंत आहे, लपवत नाही.

एक फाटा मात्र सांगायलाच हवा, नाहीतर गोव्याचे लोक रागावतील. तिथे कुंकळ्ळीचे चितारी चरकावर लाख चढवूनच पाळणे आणि खेळणी करतात. म्हणजे पट्टे दिसले की थेट चन्नपट्टण असंही नाही. म्हणून वर 'बहुधा' म्हटलं.

खुळखुळ्याबद्दल आईला अजून काही बोलले नाही. भाचीला दात येताहेत, ती त्याचं टोक चावत असते, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या सावंतवाडीचा."