सात घरांची भाटी

सोलापुरात अशोक चौकामागच्या बोळांतून दुपारी फिरलं, तर उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि सावली धरून शेजारी पसरलेलं एखादं मांजर. कुणाचं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘कुणाचं नाही, इथंच असतं.’ पण ती भाटी गाभण आहे का, मागची पिल्लं कुठल्या माळ्यावर घातली होती, त्यातली किती जगली, कुठला बोका बाहेरून येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती स्वतःही सात घरांच्या ताटावरच जगते. बेवारस मांजरांचं भलं करायचं असेल तर डॉक्टर आणि पिंजरा नंतर. आधी या अक्का-मावश्यांकडची माहिती हवी.

कारण मांजरांच्या वाढीचा वेग. भाटी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भारपण साधारण ६३ ते ६५ दिवसांचं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्यात बीज ठरल्या चक्रानं सुटतं, मांजरात ते समागमामुळे सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या टोचणीनं भाटीच्या मेंदूला इशारा जातो आणि साधारण एक-दोन दिवसांत बीजं बाहेर पडतात. एकाच माजात दोन-तीन बोके आले तर एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

माजाचा संबंध दिवसाच्या लांबीशीही आहे. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो, तेव्हा मांजरं काही महिने माजावर येत नाहीत. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा भरतो. तशी लांब विश्रांती इथल्या भाटीच्या वाट्याला फारशी येत नाही.

‘एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरं’ असा एक आकडा मोबाइलवर फिरत असतो. त्यावर विश्वास ठेवू नये, कारण एकही पिल्लू मरत नाही असं त्यात धरलेलं असतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर संशोधकांनी लक्ष ठेवलं. त्यातली १२७ सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारातली तीन. मला नसबंदीची तळमळ वाटते ती संख्येपेक्षा या पिल्लांसाठी.

मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येणं हा तर क्रूर उपाय आहेच, शिवाय निरुपयोगीही. बोळातलं खरकटं आणि लपायच्या जागा तशाच राहतात, त्यामुळे रिकाम्या जागी दुसरी मांजरं येतात. पकडून, नसबंदी करून त्याच जागी परत सोडणं हेच टिकतं. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून हे काम चाललं. १९९५ नंतर तिथं नवं पिल्लू दिसलं नाही, आणि १९९६ मध्ये असलेली ६८ मांजरं २००२ पर्यंत २३ वर आली. माणसाळलेल्या कित्येकांना घरं मिळाली, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नव्या मांजराचीही वेळीच दखल घेतली गेली. निम्म्या भाट्यांची नसबंदी करून थांबलं तर उरलेल्या भर काढतात, म्हणून अख्ख्या बोळानं एकाच हंगामात हे उरकायला हवं. गणपतीची वर्गणी गोळा करणारी पोरं हे काम सहज अंगावर घेऊ शकतात.

पकडायच्या आधी आठवडाभर सातही घरांनी एकाच वेळी, एकाच जागी खाऊ घालायचं. मग पिंजऱ्यात सुकट किंवा बांगड्याचा तुकडा. त्या दिवशी मात्र एकाही घरानं वाटी पुढे करायची नाही, भरल्या पोटी मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. दार पडलं की मांजर जाळीवर डोकं आपटू लागतं. त्याच क्षणी पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की बहुतेक मांजरं गप्प होतात. जुनी चादर सोलापुरात कुठल्या घरात नसते? शस्त्रक्रियेच्या भुलीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापतात. पुढे लांबूनही कळतं की हिचं झालंय, आणि तिला पुन्हा पिंजऱ्यात धरायची वेळ येत नाही.

शेजारच्या काकांची तक्रार मांजरांपेक्षा वासाची असते, आणि ती रास्त आहे. बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते विघटित झालं की तो उग्र दर्प सुटतो. ते किती तयार व्हायचं हे नर संप्रेरकावर ठरतं, म्हणून नसबंदीनंतर वास बराच कमी होतो, रात्रीची भांडणंही कमी होतात. काकांकडून वर्गणी मागताना हेच सांगावं.

खाऊ घालताना दूध-भाकरीवर भागवू नका. मांजराचं शरीर टॉरिन हे द्रव्य पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय निकामी होतं. आणि अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. ते पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते, एक गोळीसुद्धा जीव घेते.

शहराबाहेर, ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात, तिथं मात्र हात आवरावा. ती बहुधा रानमांजराची असतात: पाय लांब, शेपूट आखूड, कानाच्या टोकाला काळे केस. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती घरी आणता येत नाहीत. त्या कोपऱ्यातली तोड थांबवून पिल्लं आहेत तिथंच ठेवावीत आणि वनविभागाला कळवावं. माणसं लांब गेली की आई बहुतेकदा अंधारात येऊन त्यांना घेऊन जाते.