हिमोफिलियातले सांधे: प्रत्यक्ष आणि ऑनलाइन फिजिओथेरपी एकत्र कशी आली

फिजिओथेरपिस्टकडे मोजक्या वेळा जायचे आणि मधल्या आठवड्यांत ॲप व व्हिडिओ कॉलच्या आधारे घरी व्यायाम करायचा, ही मिश्र पद्धत हिमोफिलियाने, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराने, बिघडलेल्या सांध्यांसाठी आता वापरली जाऊ लागली आहे. ती करोनाच्या काळात सुचलेली सोय आहे असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे साठ वर्षांचा प्रवास आहे. तो पाहिला की कोणते काम हातानेच करायचे आणि कोणते फोनवर चालते, हेही कळते.

सुरुवात सांध्यापासून करू. हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी असतो, बी मध्ये फॅक्टर ९. पातळी सर्वसामान्य माणसाच्या १ टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र. अशा माणसाला मार न लागताही सांध्यात रक्तस्राव होतो, बहुतेक वेळा गुडघा, कोपर किंवा घोट्यात. साचलेल्या रक्तातले लोह सांध्याचे आतले आवरण शोषून घेते. ते सुजते, जाड होते, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतूनच पुढचा रक्तस्राव होतो. कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचे, नुकसान तर याहून लवकर सुरू होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की निम्मे रक्त असलेल्या द्रवात मानवी कूर्चा चार दिवस राहिली, तर तिची दुरुस्तीची क्षमता कायमची घटते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा जास्त वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात.

दुखणारा गुडघा माणूस वाकवून ठेवतो, कारण त्या स्थितीत सांध्यात जागा जास्त असते आणि ताण कमी. तसाच तो राहिला की मांडीचे पुढचे स्नायू वाळतात, मागचे आखडतात, आणि पुढच्या वेळी अशक्त गुडघा आणखी सहज मुरगळतो. फिजिओथेरपीचे काम या साखळीवर आहे.

पण बराच काळ उपचार उलटा होता. फॅक्टर मिळत नसल्याने हालचालीची भीती होती. मुलाला अंथरुणात ठेवायचे, पाय प्लास्टरमध्ये घालायचा, शाळा बंद. रक्त थांबायचे, पण सांधा वाकडाच जखडायचा. कोणी जोर लावून गुडघा सरळ करायला गेले तर नडगीचे हाड मांडीच्या हाडामागे सरकायचे. पाय सरळ दिसे आणि सांधा मात्र निसटलेला. जोर करायचा नाही, हा आजचा पहिला नियम या अनुभवातून आला आहे.

१९६४ मध्ये अमेरिकेत जुडिथ ग्रॅहम पूल यांनी क्रायोप्रेसिपिटेट शोधले. गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला की तळाशी फॅक्टर ८ ने समृद्ध साका उरतो. त्यापाठोपाठ पावडरच्या रूपातला फॅक्टर आला आणि १९७० च्या दशकात रुग्ण घरीच, स्वतः शिरेतून तो घेऊ लागले. आजच्या मिश्र पद्धतीचे बीज मला इथे दिसते. रक्तस्राव ओळखणे आणि उपचार सुरू करणे हे निर्णय तेव्हाच रुग्णालयातून घरात आले. व्यायाम मात्र मागे राहिला. औषधाची बाटली घरी पोचली, फिजिओथेरपिस्टचे ज्ञान हिमोफिलिया उपचार केंद्रातच राहिले.

पुढे १९८० च्या दशकात दूषित फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस पसरले, असंख्य रुग्ण गेले. १९९२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेला रीकॉम्बिनंट फॅक्टर आला. स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली, रक्तस्रावाआधीच नियमित फॅक्टर देण्याची पद्धत हळूहळू जगभर मान्य झाली. २००७ च्या अमेरिकी अभ्यासात अशी नियमित मात्रा मिळालेल्या ९३ टक्के लहान मुलांचे सांधे एमआरआयमध्ये ठीक होते. रक्तस्राव झाल्यावर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. २०१७ नंतर फॅक्टर ८ चे काम करणारे, त्वचेखाली टोचायचे एमिसिझुमॅब आले. पण यांपैकी कोणतेही औषध झिजलेली कूर्चा परत आणत नाही. नियमित औषध मिळण्याआधी वाढलेली पिढी बिघडलेले सांधे घेऊनच जगते आहे, आणि आपल्याकडे त्यात तरुणही पुष्कळ आहेत.

या पिढीला व्यायाम शिकवणार कोण? तीव्र हिमोफिलिया ए दर लाख पुरुषांत सुमारे सहा जणांना असतो. तीन लाख वस्तीच्या तालुक्यात दीड लाख पुरुष धरले तर असे नऊच रुग्ण निघतील. गावातल्या फिजिओथेरपिस्टने आयुष्यात एखादाच पाहिलेला असतो. ज्यांना सवय आहे ते मोठ्या शहरांतल्या केंद्रांत. म्हणजे सुजलेला गुडघा घेऊन एसटीने पाच-सहा तास जायचे, वीस मिनिटे व्यायाम शिकायचा आणि परतताना घोट्यात पुन्हा रक्तस्राव. असे रुग्ण एकदा जातात, कागदावरची चित्रे घेऊन येतात आणि महिन्याभरात व्यायाम सुटतो.

दुरून लक्ष ठेवायचे तर आधी मोजमाप ठरलेले हवे. त्यासाठी हिमोफिलिया जॉइंट हेल्थ स्कोअर आहे. दोन्ही कोपर, गुडघे आणि घोटे, प्रत्येकी ० ते २०, आणि चालण्याचे ४, असे एकूण १२४. आकडा जितका जास्त तितका सांधा वाईट. सूज, सांध्यातली करकर, स्नायूंची ताकद यासाठी तपासणाऱ्याचा हात लागतोच. दुसरे माप आपल्या देशातले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २००५ च्या सुमारास तयार झालेला ‘फिश’ हा स्कोअर. जेवणे-आवरणे, आंघोळ, कपडे, खुर्चीतून उठणे, उकिडवे बसणे, चालणे, जिना, धावणे या आठ क्रियांना १ ते ४ गुण, जास्तीत जास्त ३२. उकिडवे बसणे त्यात आहे हे महत्त्वाचे, कारण भारतीय संडास, शेत, स्वयंपाकघर यांचे सगळे गणित त्यावर आहे. आणि या क्रिया करून दाखवायच्या असल्याने यातल्या बहुतेक कॅमेऱ्यासमोरही पाहता येतात.

दूरस्थ फिजिओथेरपीची परीक्षा आधी दुसऱ्या आजारांत झाली. ऑस्ट्रेलियात गुडघा बदललेल्या ६५ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. इंटरनेटवरून सहा आठवडे व्यायाम घेतलेले प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या बरोबरीने सुधारले. नेदरलँड्समध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या संधिवातासाठी ‘ई-एक्सरसाइज’ हा बारा आठवड्यांचा साचा बनला. थोड्या प्रत्यक्ष भेटी, आणि वेबवर माहिती, ताकदीचे व्यायाम व टप्प्याटप्प्याने वाढणारी हालचाल. २०८ रुग्णांवरच्या २०१८ च्या चाचणीत निकाल नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच आला, पण भेटी साधारण बारावरून पाचावर उतरल्या. हाच साचा उट्रेख्टच्या फान क्रेफेल्ट या हिमोफिलिया केंद्रातल्या गटाने हिमोफिलियासाठी बदलून घेतला. भारतात २५ मार्च २०२० रोजी डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि व्हिडिओ कॉल सगळ्यांच्याच अंगवळणी पडले.

संधिवाताचा साचा इथे जसाच्या तसा चालत नाही. संधिवातात ‘थोडे दुखले तरी ठरलेली मात्रा पूर्ण करा’ हा सल्ला बरोबर ठरतो. हिमोफिलियात ते दुखणे नवा रक्तस्राव असू शकते. झिजेचे दुखणे उठताना आणि वजन टाकताना असते, विश्रांतीने उतरते. रक्तस्रावात आधी सांध्यात मुंग्या किंवा भरल्यासारखे वाटते, मग काही तासांत ऊब, सूज, बसल्या जागी दुखणे, आणि सकाळपर्यंत वाकणारा गुडघा वाकेनासा होतो. शंका आली तर व्यायाम थांबवायचा आणि केंद्राने ठरवून दिलेला फॅक्टर घ्यायचा. फॅक्टर ८ चा हिशेब असा: किलोतले वजन गुणिले हवी असलेली टक्केवारी गुणिले ०.५. म्हणजे ६० किलोच्या माणसाची पातळी ४० टक्क्यांनी वाढवायला १२०० युनिट. मालिश आणि गरम शेक या दोन घरगुती उपायांनी ताजा रक्तस्राव वाढतो. घरातली मोठी माणसे प्रेमानेच तेल चोळायला बसतात, म्हणून पहिल्या भेटीत त्यांनाही समोर बसवून हे सांगावे.

ज्यांना नियमित औषध नाही त्यांनी जड व्यायाम फॅक्टर घेतल्यानंतरच्या काही तासांत करावा. फॅक्टर ८ ची पातळी ८ ते १२ तासांत निम्म्यावर येते. सुरुवात जागच्या जागी स्नायू आवळण्यापासून: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच सेकंद धरायचे, दहा वेळा. घोट्याला वजन बांधण्याची घाई नको. अशक्त स्नायूंवर लांबून आलेला भार गुडघ्याला कातरतो.

कॅमेऱ्यात कोन मोजताना चूक हमखास होते. फोन सांध्याच्या उंचीवर, दोन मीटर दूर आणि बरोबर बाजूला हवा. तिरका धरला तर पंधरा अंशांचा वाकडेपणा दिसतच नाही. खुब्याचे बाहेरचे हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि बाहेरचा घोटा यांवर पेनने ठिपके काढायला पहिल्या भेटीतच शिकवावे. टेपने गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर आणि वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटर वर घेर मोजायचा. पहिला वाढला तर सूज, दुसरा घटला तर स्नायू वाळतो आहे.

एक गोष्ट फोनवर हाताळूच नये. जांघेत किंवा पोटाच्या खालच्या बाजूला दुखते, मांडी पोटाकडे ओढून धरली आहे, पाय सरळ करवत नाही, मांडीचा पुढचा भाग बधिर: हा कंबरेतून मांडीकडे जाणाऱ्या सोअस स्नायूतला रक्तस्राव असण्याची शक्यता मोठी. तिथे व्यायाम नाही. आधी फॅक्टर, मग लगेच रुग्णालय.

स्प्लिंट मापणे, सूज चाचपणे, ताकद तपासणे ही कामे हातांचीच राहतात. म्हणून नुसत्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा तिघांचा कॉल जास्त उपयोगी पडतो. रुग्ण आणि तालुक्यातला फिजिओथेरपिस्ट एका खोलीत, केंद्रातली अनुभवी व्यक्ती पडद्यावर. चाचपणारे हात एकाचे, काय शोधायचे हे सांगणारा दुसरा, आणि पुढच्या वेळी त्या तालुक्यात दुसरा रुग्ण आला तर सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.