गोळ्या, बोरकूट आणि हलवा : घेण्याआधी आणि घेतल्यावर

नमस्कार.

काउंटरवर गर्दी असली की नीट बोलणं होत नाही, आणि संध्याकाळी शुक्रवार पेठेत गर्दी नाही असं होत नाही. जे प्रश्न रोज येतात त्यांची उत्तरं म्हणून इथे छापून ठेवली आहेत. पत्रक फुकट आहे, घरी न्यावं.

"तेव्हासारखी लागत नाही हो!"

हे वाक्य आम्हाला पाठ झालं आहे. साठीच्या पुढचे गृहस्थ लिमलेटची गोळी तोंडात टाकतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. आमचं म्हणणं एवढंच, की गोळी जेवणावर खाऊ नये. तेव्हा ती शाळा सुटल्यावर, उन्हातून चालत येताना, भुकेल्या पोटी खाल्लेली असायची. बरेचदा तर एकाच गोळीत दोघं. सदऱ्याच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दातांनी फोडायची, म्हणजे उष्टं-खरकटं काही नाही. आता घरून निघताना शिरा झालेला असतो, वाटेत चहा होतो आणि त्यावर आमची गोळी. गोडाला सरावलेल्या जिभेला आणखी गोड कसं कळणार? दुपारी चारच्या सुमारास, मधे काही न खाता एक खाऊन बघा आणि मग आम्हाला बोला.

लिंबूसत्व आम्ही कमी केलेलं नाही. पहिल्यांदा खाणारी पोरं तोंड वाकडं करतात. करू देत. दुसरी गोळी तीच पोरं मागतात.

पावसाळ्यात गोळ्या चिकटतात, त्या शिळ्या असतात का?

नाही. लिमलेटची गोळी म्हणजे साखरेची काच. साखर, पाणी आणि थोडा लिक्विड ग्लुकोज असं साधारण १५० अंशांपर्यंत उकळतात. पाक झाला की नाही ते गार पाण्यात थेंब टाकून बघायचं. थेंब बोटांत दाबला जात असेल तर अजून वेळ आहे, कट्‌कन मोडला तर भट्टीवरून उतरवा. त्या वेळी पाकात पाणी जेमतेम एक-दोन टक्के उरलेलं असतं. एवढी कोरडी वस्तू हवेतली ओल ओढणारच, आणि जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत ओल किती असते ते कपडे वाळत घालणाऱ्याला विचारावं.

लिंबूसत्व घालण्याची वेळ चुकली तरी गोळी चिकट होते. उकळत्या पाकात आंबट पडलं की साखर फुटते, म्हणजे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, आणि फ्रुक्टोज ओल फार लवकर धरतं. म्हणून आमच्याकडे पाक तेल लावलेल्या फरशीवर ओतून थोडा निवला की मग लिंबूसत्व आणि अर्क घालून, उलथन्याने घड्या घालत मळतात. ग्लुकोज घातला नाही तर वेगळीच पंचाईत. गोळीत साखरेचे कण धरतात आणि ती वाळूसारखी भुसभुशीत होते.

घरी नेल्यावर गोळ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको. बाहेर काढल्या की त्यांच्यावर दव धरतं आणि सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. पावसाळ्यात पाव किलोच्या वर घेऊ नका. आमचं नुकसान आहे, तरी सांगतो.

श्रीखंडाच्या गोळीत श्रीखंड असतं का?

नसतं. आमच्या गोळीत दुधाची पावडर, वेलची, जायफळ आणि किंचित आंबट असतं. आयता चक्का १५० अंशांच्या पाकात तग धरत नाही. खरं श्रीखंड हवं असेल तर श्रीखंडाची वडी घ्या. ती चक्का आणि साखर आटवून होते. वडी चार-पाच दिवसांत संपवावी, आणि हिला मात्र फ्रीज चालतो.

इथेच आणखी एक. "रावळगाव आहे का?" असं विचारणारे बरेच येतात. ती गोळी आमची नव्हे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगावी वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला, गोळ्या १९४२ पासून निघू लागल्या, आणि २०२४ साली तो गोळ्यांचा धंदा रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतला. बिस्किटांसाठी सगळ्यांना ठाऊक असलेल्या पार्लेनेही १९२९ साली सुरुवात गोळ्यांपासूनच केली होती. त्यांचा माल किराणा दुकानात मिळेल. आम्ही फक्त घरचा माल विकतो.

बोरकूट, चिंचगोळी, आवळा सुपारी

शाळेच्या फाटकाबाहेर गोणपाटावर मांडलेलं ते सगळं, तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, चन्यामन्या बोरं, विलायती चिंच, गूळ घातलेलं कवठ, आम्ही ठेवू शकत नाही. ते झाडावरून थेट खाण्याचे प्रकार. हंगामात मंडईबाहेर बघा, अजून मिळतात.

बोरकूट मात्र आम्ही करतो. हिवाळ्यात बाजारात बोरं आली की ती वाळवून, बियांसकट कुटून, चाळून, त्यात मीठ, पादेलोण आणि थोडी पिठीसाखर घालतो. बियांची किंचित कचकच लागते, ती असायलाच हवी. मिक्सरमध्ये पीठ केलेलं बोरकूट आम्हाला बोरकूट वाटत नाही. हाताच्या तळव्यावर घेऊन जिभेच्या टोकाने खायचं. चमच्याने खाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण बघत राहतो.

ते पूर्वी वर्तमानपत्राच्या पुडीत मिळायचं, तशी पुडी पुष्कळ जण मागतात. शाईमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला आता कायद्याने मनाई आहे, म्हणून कोऱ्या कागदाची पुडी बांधून देतो. आकार तोच, तळाशी टोक असलेला.

रंगाचंही तसंच. पूर्वीच्या काही लालभडक आणि पिवळ्याजर्द गोळ्या आज कुणी विकल्या तर दंड होईल. मेटॅनिल यलोसारखा खायला बंदी असलेला रंग त्या काळी सर्रास सापडत असे. आमच्या गोळ्या फिक्या दिसतात, याचं कारण हे आहे.

चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुडीशेव

गूळ मार्केट यार्डातून आणतो आणि चिक्कीसाठी चिक्कीचाच गूळ वापरतो. साध्या गुळाचा पाक कडक येत नाही, वडी दाताला चिकटते. गूळ जितका पिवळा तितका चांगला, हा समज सोडून द्यावा. काळसर गुळाची चिक्की आम्हाला जास्त आवडते. राजगिऱ्याचा लाडू उपासाला चालतो, पण आमच्या एकाच भटारखान्यात शेव आणि शेंगदाणेही असतात. कडक उपास किंवा दाण्यांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं.

नानकटाई का नाही?

कारण आमच्याकडे भट्टी आहे ती पाकाची, बेकरीची नाही. आणि खरं सांगायचं तर विकतच्या नानकटाईची आठवण कुणालाच नसते. आठवण असते ती दिवाळीच्या आधी तूप, मैदा, रवा, पिठीसाखर डब्यांत भरून पेठेतल्या बेकरीत नेण्याची. पत्र्याच्या ट्रेवर आपली नानकटाई आपणच थापायची, वर चारोळीचा दाणा दाबायचा, ट्रेवर खडूने आडनाव लिहायचं आणि भट्टीच्या धगीत तासन्‌तास नंबराची वाट बघायची. शेजारच्या ट्रेमधली आपल्यापेक्षा जास्त फुललेली दिसली की आई गप्प व्हायची. हे पाकिटात घालून कसं विकणार? तुमच्या भागातली एखादी बेकरी अजून भाजून देत असेल, विचारून बघा.

संक्रांतीचा हलवा

यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त घासाघीसही होते, म्हणून सविस्तर सांगतो.

काटेरी हलवा साच्यात होत नाही. मंद शेगडीवर परात ठेवून तीळ, खसखस, साबुदाणा, मगजबी किंवा शेंगदाणे गरम करायचे, वर चमचाभर पातळ पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, पाक दाण्यावर सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर काटा बसत नाही. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो. काटे दिसू लागायला पुढचे दिवस जातात. हवा थंड आणि कोरडी लागते. डिसेंबरात ढग आले की परात झाकून बसावं लागतं. बोटांची टोकं भाजतात, आणि ज्या बायकांच्या हाताला काटा येतो त्या हातांना दुसरं काम आम्ही लावत नाही. किलोचा भाव ऐकून दचकण्यापूर्वी एवढं लक्षात घ्यावं.

नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने, म्हणजे हार, बांगड्या, बाजूबंद, आणि बाळाच्या बोरनहाणासाठी मुकुट, बासरी ऑर्डरने करून मिळतात. दागिन्यांतला हलवा दोऱ्यात ओवलेला किंवा डिंकाने चिकटवलेला असतो, तो खाऊ नये.

बोरनहाणाचं तयार मिश्रणही देतो : बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे, तिळाच्या रेवड्या, हलवा. एक विनंती. ज्याच्या डोक्यावरून हे ओततात ते बाळ वर्ष-दोन वर्षांचं असतं आणि समोर पडेल ते तोंडात घालतं. बोराची बी, शेंगदाणा, कडक गोळी घशात अडकू शकते. चार वर्षांखालच्या मुलांना आमच्याकडचं कडक काही देऊ नका. त्यांच्यासाठी चुरमुरे आणि बत्तासे वेगळे बांधून मागा, त्याचे जादा पैसे घेत नाही.

भाव आणि सुटी विक्री

"पाच पैशाला दोन मिळायच्या" हे आम्हालाही ठाऊक आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, तेव्हा तो भाव देणं आमच्या हातात राहिलेलं नाही. पण बरणीतून सुटी गोळी मिळते. शाळेच्या गणवेशात आलेल्याला एकसुद्धा देतो. मोठ्यांनी किमान पन्नास ग्रॅम घ्यावं. चाखायला एक गोळी मिळेल, प्रत्येक बरणीतली एकेक मिळणार नाही.

हलव्याच्या दागिन्यांची ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, निम्मी रक्कम आगाऊ भरून नोंदवावी. बांगडीचं माप जुनी बांगडी आणून द्यावं, फोनवर सांगितलेलं माप धरत नाही. बरणी परत आणल्यास तिचे पैसे वळते होतील. ती धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणासकट आणावी.